पक्ष्यांच्या फोटोसाठी पाच किलोची बॅग लागतेच का? हलका कॅमेरा निवडण्यामागचं गणित समजून घ्या

इस्लापूरला मामांच्या ओळखीचं किराणा दुकान आहे. दिवाळीत गेलो होतो तेव्हा तिथल्या वजनकाट्यावर आम्ही मामांची कॅमेऱ्याची बॅग ठेवली. आकडा आला ५ किलो ३८० ग्रॅम. दुकानदार हसत म्हणाला, "गुरुजी, एवढी तर तुमची महिन्याची साखर होते."

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गेली आठ-नऊ वर्षं ते किनवट तालुक्यातल्या सागवनात आणि पैनगंगेच्या काठाने पक्ष्यांचे फोटो काढत फिरतात. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आणि मामांनी बॅग कपाटावर ठेवून दिली. वाईट म्हणजे बॅगेबरोबर फिरणंही थांबलं. "कॅमेरा न्यायचा नाही तर जायचं कामून?" असं त्यांचं म्हणणं. मामीने मला फोन केला तो यासाठीच. "तू इंजिनिअर झालास ना? मग ह्यांना एखादा हलका कॅमेरा बघून दे."

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते आणि शेवट डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनी. या दिवसांत अनेकांना पक्ष्यांचा नाद लागतो आणि पुढचा प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. त्यामुळे मामांसाठी मांडलेला हिशोब इथे देतोय. खांदा दुखत असो वा नसो, गणित सगळ्यांना सारखंच आहे.

वजन नेमकं कशाचं असतं?

मामांच्या बॅगेत निकॉनचा डी७२०० (बॅटरीसह ७६५ ग्रॅम), सिग्माची १५०-६०० मिमी कंटेम्पररी लेन्स (१९३० ग्रॅम), ट्रायपॉड, चार्जर, पाण्याची बाटली आणि एक जुनी दुर्बीण होती. नुसता कॅमेरा आणि लेन्स धरली तरी जवळपास २ किलो ७०० ग्रॅम. यात कॅमेऱ्याचा वाटा पाव किलोच्या तिप्पट, बाकी सगळी लेन्स.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. "हलका कॅमेरा" असं आपण म्हणतो, पण वजन लेन्समध्ये असतं. मोठ्या लेन्सचा हट्ट कायम ठेवून नुसती बॉडी बदलली तर तीन-चारशे ग्रॅमच्या वर काही वाचत नाही.

लेन्स जड का असते? तर काचेमुळे. ६०० मिमी फोकल लेंथ आणि एफ/६.३ म्हणजे ६०० भागिले ६.३, साधारण ९५ मिमी. प्रकाश आत घेणारं तोंड तेवढं रुंद लागतं. तोंड रुंद झालं की पुढची काच मोठी होते, जाड होते, तिला धरणारी नळीही मोठी होते. कंपनी कोणतीही असो, यातून कोणाची सुटका नाही. फ्रेनेलसारख्या रचनेच्या खास काचा वापरून निकॉनने ५०० मिमी एफ/५.६ ची लेन्स १४६० ग्रॅममध्ये बसवली, ती कमालच आहे. पण ती मामांच्या बजेटबाहेर होती, आणि माझ्याही.

दुसरी गोष्ट लांबीची. कॉलेजात मोमेंट शिकलो होतो तो पहिल्यांदा उपयोगी पडला. खांद्याला वजन जाणवतं तसंच ते वजन शरीरापासून किती लांब आहे हेही जाणवतं. सिग्माची ही लेन्स मिटलेली असताना २६ सेंटिमीटर आहे, ६०० वर नेली की आणखी पुढे येते. डोळ्याला लावून खंड्याने सूर मारायची वाट बघत दोन मिनिटं धरा, मग कळतं. म्हणून दुकानात फक्त ग्रॅम विचारू नका. लेन्स पूर्ण झूम करून डोळ्याला लावा आणि मनात शंभरपर्यंत आकडे मोजा.

"२००० मिमी झूम" म्हणजे काय?

मामांना त्यांच्या एका मित्राने निकॉन पी९५० घ्यायला सांगितलं होतं. ८३ पट झूम, २००० मिमी, वजन फक्त १००५ ग्रॅम. ऐकायला झकास.

इथे जरा थांबा. २००० हा "समतुल्य" आकडा आहे. लेन्सची खरी फोकल लेंथ ३५७ मिमी आहे. सेन्सर फार लहान, म्हणजे १/२.३ इंच प्रकारातला असल्यामुळे चित्राचा मधला बारीकसा तुकडाच दिसतो आणि पक्षी खूप जवळ आल्यासारखा वाटतो. खरा प्रश्न वेगळा आहे : पक्ष्याच्या अंगावर किती पिक्सेल पडतात, आणि ते कामाचे असतात का?

उदाहरण घेऊ. छोटा निळा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १७ सेंटिमीटर धरू आणि तो २० मीटरवर बसलाय असं समजू. सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा म्हणजे फोकल लेंथ भागिले अंतर, गुणिले पक्ष्याची लांबी. मामांच्या ६०० मिमी लेन्सने ती ५.१ मिमी येते. डी७२०० चा एक पिक्सेल ३.९ मायक्रोमीटरचा, म्हणजे खंड्याच्या लांबीवर सुमारे १३०० पिक्सेल.

पी९५० चा पिक्सेल १.३४ मायक्रोमीटरचा. त्याच हिशोबाने खंड्यावर २२०० पेक्षा जास्त पिक्सेल येतात. मग हाच कॅमेरा भारी? नाही. प्रकाश हा तरंग असल्यामुळे कितीही चांगली लेन्स एका बिंदूचा फोटो बिंदूएवढा काढू शकत नाही, त्याचा छोटा गोल ठिपका होतो. एफ/६.५ ला हा ठिपका साधारण ८.७ मायक्रोमीटरचा असतो. म्हणजे एका ठिपक्याच्या रुंदीत सहाहून जास्त पिक्सेल. पिक्सेल भरपूर, तपशील तेवढा नाही. बारीक जाळीच्या चाळणीतून जाड भरडा चाळल्यासारखं आहे.

तरीही पी९५० ला मी नावं ठेवणार नाही. नदीपलीकडच्या झाडावरचा शिकारी पक्षी ओळखायचा आहे, नोंदीसाठी पुरावा हवा आहे, ऊन चांगलं आहे, तर त्याच्यासारखा सोयीचा कॅमेरा नाही. लेन्स बदलायची कटकट नाही, सेन्सरवर धूळ नाही. पण उडता वेडा राघू टिपायचा असेल किंवा झाडीतला अंधार असेल, तर तो हात टेकतो.

मग पर्याय कोणते?

सगळी बाजारपेठ इथे मांडत नाही. मामांसाठी ज्यांचा खरोखर विचार केला तेवढेच सांगतो.

पहिला कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० मिमी. बॉडी बॅटरी-कार्डसह ४२९ ग्रॅम, लेन्स ६३५. एकूण १०६४ ग्रॅम, म्हणजे मामांच्या जोडीपेक्षा दीड किलोहून जास्त कमी. २० मीटरवरच्या त्याच खंड्यावर साधारण ९१० पिक्सेल येतात. बॉडी आर७ घेतली तर वजन १२४७ ग्रॅम होतं, पण पिक्सेल १०६० च्या घरात जातात आणि हाताची थरथर सावरणारी यंत्रणा बॉडीतच मिळते. आर१० मध्ये ती नाही, तिथे लेन्सच्या स्थिरीकरणावर भागवावं लागतं. पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवायचं काम दोन्ही करतात. डीएसएलआरवरून आलेल्या माणसाला सुरुवातीला ही जादूच वाटते.

दुसरा सोनी ए६७०० आणि ७०-३५० मिमी. एकूण १११८ ग्रॅम. खंड्यावर ७९० पिक्सेल. हाही पक्षी ओळखतो. बॉडी महाग आहे, पण स्थिरीकरण त्यात आहे.

तिसरा मायक्रो फोर थर्ड्स. सेन्सर लहान, १७.३ गुणिले १३ मिमी, त्यामुळे लेन्सही लहान. ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ पासून ओएम सिस्टीम या नावाने चालतो. त्यांचा ओएम-५ आणि ७५-३०० मिमी लेन्स मिळून ८४० ग्रॅमच्या आत बसतात. खंड्यावर ७६० पिक्सेल. यात एक मेख आहे : पक्षी ओळखणारा फोकस ओएम-५ मध्ये नाही, तो ओएम-१ मध्ये आहे. आणि या कंपनीचं सामान घेण्याआधी दुरुस्तीसाठी ते कुठे पाठवावं लागेल हे दुकानदाराला आधी विचारा. मराठवाड्यातल्या माणसासाठी हा प्रश्न पिक्सेलइतकाच महत्त्वाचा आहे.

चौथा जरा विचित्र पण स्वस्तातला : कॅननचीच आरएफ ६०० मिमी एफ/११. वजन ९३० ग्रॅम, नळी ओढून लांब करायची. आर१० वर लावली तर १३५९ ग्रॅममध्ये खंड्यावर १३७० पिक्सेल, म्हणजे मामांच्या जुन्या जोडीपेक्षाही जास्त! पण एफ/११. छिद्र कायम तेवढंच, झूम नाही, आणि साडेचार मीटरच्या आतलं काही फोकस होत नाही. जिथे जुन्या लेन्सला आयएसओ २००० पुरत होता तिथे हिला ६००० लागेल. भर उन्हात तळ्यावर बसणाऱ्यांसाठी चांगली, सागाच्या सावलीत फिरणाऱ्यांसाठी नाही.

जुन्या बाजारातही नजर टाका. निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ लेन्स फक्त ७५५ ग्रॅमची आहे आणि ज्यांच्याकडे निकॉनचा डीएसएलआर आधीच आहे त्यांना बॉडी बदलावी लागत नाही. डी७२०० वर लावली तर दीड किलोला थोडं जास्त भरतं. सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी परत द्या.

हलकेपणाची किंमत कुठे मोजावी लागते?

अंधारात. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

वर तोंडाचा व्यास काढला होता तो आठवा. जुन्या लेन्सचा ९५ मिमी. १००-४०० एफ/८ चा ५० मिमी. सोनीच्या ७०-३५० चा ५५ च्या आसपास, ओएमच्या ७५-३०० चा ४५, आणि पी९५० चाही ५५. बघा, हलक्या गटातले सगळे ४५ ते ५५ मध्येच आहेत. सेन्सर कोणताही असो, पक्ष्याकडून येणारा प्रकाश या तोंडातूनच आत येतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर ९५ मिमीची काच ५० मिमीच्या काचेपेक्षा ३.६ पट प्रकाश गोळा करते. दीड किलो वाचवले ते इथून वाचवले.

व्यवहारात याचा अर्थ काय, ते बघायला आम्ही नांदेडहून एक आर१० आणि १००-४०० दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. सकाळी पावणेसातला नदीकाठी होतो. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली उतरते. पाऊस संपल्यावर धबधब्याचा जोर कमी होतो आणि खडकांवर धोबी शेपटी हलवत फिरतात. उन्हं आली नव्हती. १/२५० सेकंद आणि एफ/८ धरलं तर आयएसओ ६४०० वर गेला. फोटोत दाणे आले, पिसांचे काठ विरघळले. मामांनी स्क्रीन बघितली आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला कळतं.

सव्वाआठला ऊन खडकावर आलं. तीच लेन्स, १/१००० सेकंद, आयएसओ ५००. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याच्या चोचीवरचं पाणी दिसलं.

म्हणजे पहाटेचा दीड तास गेला आणि बाकीची सकाळ मिळाली. हा सौदा परवडतो का, हे तुम्ही कुठे आणि कधी फिरता यावर आहे. इकडचा साग साधारण फेब्रुवारीपर्यंत बराचसा झडतो आणि जंगलात प्रकाश थेट जमिनीवर येतो. त्याच सुमारास पळस, पांगारा आणि सावर फुलतात आणि त्यांच्यावर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड उडते. तेव्हा एफ/८ पुरतो. पण पावसाळ्याच्या तोंडाला येणारा नवरंग दाट झुडपाखाली पालापाचोळ्यात फिरतो. तो या लेन्सने टिपणं अवघड. रॉ फाइल काढून नंतर दाणे कमी करणारं सॉफ्टवेअर वापरता येतं आणि ते आता खरंच चांगलं काम करतं, पण जो तपशील आलाच नाही तो कुठून आणणार?

सहा मीटरचा प्रश्न

आता पुन्हा पिक्सेलकडे. जुन्या जोडीचे १३०० आणि नव्या जोडीचे ९१०. फरक भरून काढायचा तर खंड्यापासून २० ऐवजी १४ मीटरवर जावं लागेल. सहा मीटर. सात-आठ पावलं.

मी हा हिशोब मामांना वहीत करून दाखवला. ते म्हणाले, "पावलं मोजून पक्षी थांबतो का रे?"

बरोबर आहे. पण मला भाड्याच्या दोन दिवसांत एक गोष्ट दिसली. पूर्वी मामा मोटारसायकल लावायचे, तिथून शंभर पावलांवर ट्रायपॉड मांडायचे आणि तिथेच बसायचे. बॅग उचलून पुढे जाणं नको व्हायचं. या वेळी एक किलोचा कॅमेरा गळ्यात तिरपा अडकवून ते सकाळी पावणेसातपासून अकरापर्यंत चालत होते. एका ठिकाणी चक्क बसकण मारून खडकाआडून पुढे सरकले. ट्रायपॉड घेऊन हे जमलं नसतं. हलकी लेन्स पक्षी लांबून ओढून आणत नाही, ती माणसाला जवळ नेते.

मात्र "जवळ" याला मर्यादा आहे. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, ओरडू लागला, की थांबायचं. घरट्याच्या बाबतीत तर जवळ जायचंच नाही, मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचंही नाही. नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. तिथे जायचं तर वनविभागाची परवानगी घेऊनच.

बॅगेत आणखी काय मोजायचं?

दुर्बीण. ८ बाय ४२ ची साधारण दुर्बीण ६०० ते ७०० ग्रॅमची असते. कॅमेऱ्याचं वजन ठरवताना ती धरलीच पाहिजे, कारण पक्षी आधी दिसायला हवा आणि तो दुर्बिणीनेच नीट दिसतो. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा कॅमेऱ्याआधी दुर्बीण घ्या. मामांची जुनी दुर्बीण आम्ही बदलली नाही, फक्त तिचा गळ्यातला पट्टा काढून दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा लावला. खर्च किरकोळ, फरक मोठा.

बॅटरी. मिररलेस कॅमेऱ्याचा स्क्रीन किंवा डोळ्याला लावायची छोटी पडदी सतत चालू असते, म्हणून डीएसएलआरच्या मानाने बॅटरी लवकर उतरते. एक जादा बॅटरी खिशात ठेवायचीच.

पाणी. आर१० आणि १००-४०० या जोडीला पाण्याच्या तुषारांपासून संरक्षण नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडाला गेलात तर वाऱ्याबरोबर पाणी अंगावर येतं. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक आणि रबरबँड चालतं, पण कॅमेरा नंतर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओएम-५ ची बॉडी या बाबतीत पक्की आहे, पण तिची स्वस्तातली ७५-३०० लेन्स नाही.

किमती मुद्दामच दिल्या नाहीत. सणासुदीला त्या दर आठवड्याला बदलतात आणि बॉडी-लेन्स एकत्र घेतल्यावर वेगळाच आकडा निघतो. घेण्याआधी दोन दिवस भाड्याने वापरून बघा, एवढं मात्र आग्रहाने सांगेन. आम्ही भाड्यावर घालवलेल्या पैशांत एक मोठी चूक टळली : मी वहीवर पी९५० ला जवळपास होकार देऊन बसलो होतो.

मामांनी शेवटी काय ठरवलं? आर१० आणि १००-४०० घ्यायचं. पेन्शनच्या फरकाची रक्कम आली आहे, त्यात बसतं. ट्रायपॉड विकायला काढला. मी म्हटलं, सिग्माची लेन्सही विकून टाका, नव्याला हातभार लागेल.

"ती राहू दे," मामा म्हणाले. "शेतात विहिरीपाशी बाज टाकून, उशीवर लेन्स टेकवून बसेन. तिथं उचलायची कुठंय?"

मामी आतून म्हणाली, "आधी डॉक्टरला विचारा." डॉक्टरांची तारीख सोमवारची आहे.